कबरबिज्जू नव्हे, उदमांजर

चौबे कॉलोनी रायपूरच्या मराठी माणसाला महाराष्ट्र मंडळामुळे चांगली ठाऊक आहे. अशा जुन्या, झाडं राखून असलेल्या वस्तीत रात्री माळ्यावर धडपड झाली की कुणीतरी म्हणतं, ‘कबरबिज्जू!’ मढी उकरून खाणारा, अशी त्याची ख्याती. प्रत्यक्षात बहुतेकदा ते निघतं उदमांजर, म्हणजेच कांडेचोर. जमीन उकरण्याजोगी लांब, भक्कम नखं मधुबिज्जूची, म्हणजे रॅटेलची; तो प्राणीच वेगळा. उदमांजराची आखूड नखं झाडावर चढण्याच्या कामाची. जांभळं, बोरं, पिकली फळं हे त्याचं मुख्य अन्न. जोडीला उंदीर, किडे, अंडी.

दुसरा गैरसमज खुद्द शास्त्रज्ञांचा. 1777 साली पीटर पल्लास यांनी या प्राण्याला नाव दिलं ‘हर्माफ्रोडायटस’, म्हणजे उभयलिंगी. कारण नर असो वा मादी, शेपटीखाली वृषणासारखे दिसणारे दोन उंचवटे असतात. त्या आहेत गंधग्रंथी. नर-मादी अगदी स्वतंत्र, पण नाव तेच राहिलं.

आपल्याकडेही तीच गफलत झाली. जवादी मांजर या भाऊबंदाच्या ग्रंथीतला स्राव औषधी बाजारात ‘गंधमार्जारवीर्य’ म्हणून विकला गेला. त्याचा वीर्याशी काडीचा संबंध नाही. मादीतही तो तयार होतो. तिरुमलाच्या वेंकटेश्वराच्या सेवेतलं पुनुगु तेल याच स्रावाचं. अशा स्रावातल्या सिव्हेटोन या रेणूची सतरा कार्बनची कडी लिओपोल्ड रुझिच्का यांनी 1926 मध्ये उलगडली. 1939 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं.

मग हा वास कशासाठी? उदमांजर एकट्यानं हिंडतं आणि तेही रात्री. शेपटीखालच्या ग्रंथी घासत ते फांदीवर, कठड्यावर निरोप सोडतं. आपल्याला ती घाण वाटते, पण तिथून जाणाऱ्या दुसऱ्या उदमांजराला त्यात बरंच काही वाचता येतं.

मादागास्करच्या लेमूरांची रीतही अशीच गंधाची. रिंगटेल लेमूरचा नर मनगटाच्या ग्रंथी शेपटीला घासतो आणि ती मादीपुढे हलवतो. विणीच्या हंगामात या स्रावात मादीला खेचणारे तीन अल्डिहाइड वाढतात, असं टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं. नराची घाई समजण्यासारखी आहे: मादी माजावर असते ती जेमतेम काही तास.

‘माळ्यावर जोडपं राहतंय’ हीदेखील समजूतच. नर-मादी समागमापुरते एकत्र येतात. पिल्लं आई एकटी वाढवते. सुमारे दोन महिन्यांच्या गर्भधारणेनंतर साधारण दोन ते पाच पिल्लं होतात, डोळे मिटलेली. म्हणून झरोका बुजवायच्या आधी आत डोकावून बघा. पिल्लं असतील तर ती आईमागे बाहेर पडेपर्यंत थांबा, मग खुशाल जाळी बसवा. प्राणी खोलीत अडकलाच तर वन विभागाला फोन करा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे. काठी घेऊन मागे लागणं महागात पडेल.