छायाचित्रांची डागडुजी : साधन कोणते निवडावे?

स्नेहसंमेलन आटोपले, सहली झाल्या, की आमच्या महाविद्यालयात एक प्रश्न हमखास कानांवर येतो : फोटो नीट करायला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? प्रश्न साधा दिसतो, पण त्यामागे दोन चिंता असतात. एक पैशाची, आणि दुसरी आपल्याला हे जमेल की नाही याची. छायाचित्रणाचा छंद असलेली विद्यार्थिनी म्हणून मला हा प्रश्न वारंवार विचारला जातो. जाता जाता त्याचे उत्तर देता येत नाही; म्हणून हा लेखनप्रपंच.

छायाचित्रांची डागडुजी ही काही संगणकाने आणलेली गोष्ट नव्हे. जुन्या स्टुडिओंतून निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे व्रण आणि सुरकुत्या पुसट करणारे कारागीर असत. कृष्णधवल छायाचित्रांत हाताने रंग भरणारेही असत. त्यांची पेन्सिल आणि कुंचला आज संगणकाच्या पडद्यावर आला, एवढाच फरक. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात संशोधन करणाऱ्या थॉमस नोल या विद्यार्थ्याने १९८७ साली एक प्रोग्रॅम लिहावयास घेतला. त्याचा भाऊ जॉन याच्या साहाय्याने तो वाढला आणि १९९० साली अडोबी कंपनीने तो ‘फोटोशॉप’ या नावाने बाजारात आणला. हे नाव इतके रुजले की ‘फोटोशॉप करणे’ असे क्रियापदच आपण बोलू लागलो. मात्र २०१३ साली कंपनीने फोटोशॉपच्या पुढील आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे धोरण जाहीर केले. म्हणजे हे भाड्याचे घर झाले. भाडे थांबले की कुलूप लागले. ज्याचा चरितार्थच या कामावर चालतो त्याला ते परवडेल. खानावळीचे पैसे भागवता भागवता मेटाकुटीस येणाऱ्या विद्यार्थ्याला ते परवडत नाही, आणि मग तो कोणाकडून तरी चोरटी प्रत मिळवतो. ही वाट बेकायदा तर आहेच, शिवाय अशा प्रतीबरोबर संगणकात व्हायरस शिरण्याचा धोका असतो. आणि मुख्य म्हणजे, तिची आता गरजच उरलेली नाही.

साधन निवडण्यापूर्वी आपले काम कोणते, हे आधी ठरवावे. नवशिक्यांची कामे साधारणपणे तीन प्रकारची असतात.

पहिले काम मोबाइलवर काढलेल्या फोटोंचे. उजेड कमीजास्त करणे, तिरका फोटो सरळ करणे, कडेचा नको असलेला भाग कापणे, एखादा डाग घालवणे, एवढेच करावयाचे असेल तर संगणकाचीही आवश्यकता नाही. २०११ साली निघालेले व २०१२ पासून गूगलच्या मालकीचे असलेले ‘स्नॅपसीड’ हे अ‍ॅप फुकट मिळते. त्यात केलेला प्रत्येक बदल क्रमाने नोंदला जातो आणि मागे जाऊन नेमका तेवढाच बदल सुधारता येतो. शिकणाऱ्याला ही सोय फार उपयोगी पडते.

दुसरे काम चांगल्या कॅमेऱ्याने काढलेल्या ‘रॉ’ फाइलींचे. आपल्या ओळखीची जेपेग फाइल म्हणजे कॅमेऱ्याने शिजवून वाढलेले ताट. रॉ फाइल म्हणजे कोरडा शिधा. स्वयंपाक आपण करावयाचा असल्याने त्यात वाव अधिक. या कामासाठी ‘डार्कटेबल’ आणि ‘रॉथेरपी’ ही दोन्ही सॉफ्टवेअरे विनामूल्य आहेत. ती मूळ फाइलीला हातही लावत नाहीत. काय बदल करावयाचे त्याच्या सूचना तेवढ्या वेगळ्या लिहून ठेवतात.

तिसरे काम खऱ्या रिटचिंगचे : फाटलेल्या, डागाळलेल्या जुन्या फोटोंची दुरुस्ती, किंवा अनेक चित्रे जोडून भित्तिपत्रक करणे. येथे ‘लेयर’, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे थर, लागतात. यासाठी ‘गिंप’ हे माझे आवडते साधन. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ते लिहावयास घेतले. ते नुसते फुकट नव्हे तर मुक्त आहे. त्याचा मूळ प्रोग्रॅम कोणीही वाचावा, सुधारावा, वाटावा. प्रथमदर्शनी त्यातील बटणांची गर्दी पाहून छाती दडपते, हे खरे. पण रोज अर्धा तास बसले तर ती भीती लवकरच जाते. मार्च २०२५ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली. चित्रावर दिलेला परिणाम नंतरही बदलता यावा, अशी सोय तिच्यात आहे.

ज्यांना महाविद्यालयाच्या संगणक कक्षात बसून काम करावयाचे आहे, त्यांना ‘फोटोपी’ सोयीचे. ते ब्राउझरमध्येच चालते, स्थापित करावे लागत नाही, आणि फोटोशॉपच्या फाइलीही उघडते. बाजूला जाहिराती दिसतात, तेवढे सोसावे. एकेकाळी विकत घ्यावे लागणारे ‘अ‍ॅफिनिटी’ही ऑक्टोबर २०२५ पासून विनामूल्य झाले आहे, त्यासाठी कॅन्व्हा या कंपनीकडे खाते मात्र उघडावे लागते.

नावे बदलतात, म्हणून नावांपेक्षा कसोट्या लक्षात ठेवाव्यात. पहिली कसोटी माघारीची : केलेला बदल उद्या परवा मागे घेता येतो का? दुसरी, मूळ फोटो अबाधित राहतो का? तिसरी, आपले काम टिफ, पीएनजी, जेपेग अशा सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपात बाहेर काढता येते का? गूगलचे ‘पिकासा’ अनेकांच्या हाती बसले होते, तरी २०१६ साली ते बंद करण्यात आले. ज्या घरातून सामान बाहेर काढता येत नाही, त्या घरात सामान ठेवू नये. चौथी कसोटी, आपला फोटो आपल्याच यंत्रावर राहतो की कोणा परक्याच्या संगणकावर पाठवला जातो? फुकट वस्तूची किंमत कधीकधी अशी वसूल होते.

जुन्या फोटोचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगते. चार बाय सहा इंचांचा फोटो दर इंचास ६०० बिंदू या मापाने स्कॅन केला, तर २४०० बाय ३६०० बिंदूंचे चित्र मिळते. छपाईला इंचास ३०० बिंदू पुरतात. म्हणजे तोच फोटो आठ बाय बारा इंचांचा छापता येतो. स्कॅन टिफमध्ये जपावा, कारण जेपेग फाइल दर वेळी बदलून साठवताना थोडा थोडा तपशील गमावते. मूळ स्कॅन बाजूला ठेवून प्रतीवर काम करावे. आधी उजेड व छाया ‘लेव्हल्स’ने सावराव्या, मग रंगाची झाक काढावी, आणि शेवटी ‘हील’ व ‘क्लोन’ या हत्यारांनी डाग व चिरा भराव्या. हे भरणे शेजारचाच भाग उचलून केलेले असते. लुगडे रफू करताना त्याचाच धागा वापरावा, तसे हे आहे.

आता या सर्वाहून सोपा मार्ग पुढे आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अ‍ॅपवर पुसट फोटो टाकावा, क्षणात चेहरा लखलखीत होऊन येतो. माझ्या एका मैत्रिणीने आपल्या पणजीचा एकुलता एक फोटो असा उजळून आजीला दाखवला. आजींनी तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाल्या, “बाई सुरेख आहे ग, पण ही आमची आई नव्हे.” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. जो तपशील फोटोत उरलेलाच नाही तो यंत्र परत आणू शकत नाही. त्याने पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांवरून ते नवा तपशील रचते. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या अशाच एका प्रणालीला बराक ओबामा यांचा धूसर केलेला फोटो देण्यात आला, तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा चेहरा तयार करून दिला. यंत्राने लबाडी केली नाही. त्याने अंदाज केला. मात्र तो अंदाज आहे हे चित्र पाहणाऱ्याला कळत नाही, आणि खरा धोका तेथेच आहे.

माणसाच्या हातूनही असे घडते. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड संगणकाच्या साहाय्याने जवळ आणून बसवले, तेव्हा त्या मासिकावर टीकेची झोड उठली होती. उजेड सावरणे, धूळ काढणे ही डागडुजी. जे नव्हते ते घालणे ही वेगळी गोष्ट. ती करावयाचीच असेल तर तसे चित्राखाली लिहावे.

म्हणूनच नवशिक्याने, आपण काय बदलले हे ज्यात आपल्याला शेवटपर्यंत सांगता येईल, असे साधन निवडावे, असे माझे मत आहे. वर सांगितलेल्यांपैकी कोणतेही एक घ्यावे आणि महिनाभर तेच वापरावे. येत्या सुटीत घरातला जुना आल्बम काढून दहा फोटो स्कॅन करावेत, आणि डाग काढण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून प्रत्येक चेहऱ्याचे नाव, गाव, साल विचारून लिहून घ्यावे. डाग पुढच्या वर्षीही काढता येतील. नावे सांगणारी माणसे मात्र आज घरात आहेत, तोवरच हे विचारता येईल.