डासाच्या अंगातली आठवण

विल्यम ग्लेन लिस्टन हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. एलिचपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला, तो वर्षभर ॲनॉफिलीस डासांच्या मागे होता. १९०१ साली त्याने तिथल्या निरीक्षणांवर लेख लिहिले आणि डासाच्या एका नव्या जातीची शास्त्रात नोंद झाली: ॲनॉफिलीस स्टीफेन्साय. विहीर, हौद, गच्चीवरची उघडी टाकी, याला अंडी घालायला काहीही चालते. मुंबईत हिवताप पसरवणारा हाच, हे डॉ. बेंटली यांनी १९११च्या अहवालात दाखवले आणि मग विहिरी बुजवण्यावरून शहरात बरीच वादावादी झाली.

याच जातीचा एक वंश नेदरलँड्समध्ये, जर्मनीच्या सीमेलगत, वाल नदीकाठच्या नायमेखन शहरात पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात वाढतो आहे. मूळचा तो आजच्या पाकिस्तानातला, म्हणून नाव ‘सिंध-कसूर नायमेखन’. फेल्डमन आणि पोन्नुदुराई या संशोधकांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या कामात, हिवतापाचा परजीवी ज्यांच्यात सहज वाढतो आणि ज्यांच्यात वाढत नाही अशा डासांची वेगवेगळी निवड केली. राडबाउड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला अर्थातच पहिल्या प्रकारचे हवे होते. तिथे लशींच्या चाचणीसाठी हिवतापाने भरलेले डास लागतात.

पण डास परजीवीला सहजासहजी जागा देत नाही. भिंतीवर चिरडलेल्या डासाचा लाल डाग आपल्या रक्ताचा असतो. त्याचे स्वतःचे रक्त जवळजवळ रंगहीन, आणि तेही धमन्या-शिरांतून वाहत नाही. पाठीलगत एक लांबट नळी आकुंचन पावते, मधूनच उलट दिशेनेही पंप करते, आणि सगळे अवयव रश्शात बुडालेल्या भाजीच्या फोडींसारखे त्या द्रवात पडून असतात. ही देहगुहा. तिच्यात काही हजार प्रतिकारपेशी असतात, त्यांना हीमोसाइट म्हणतात. काही द्रवाबरोबर फिरतात, काही अवयवांना चिकटून बसतात. त्या मिळवायच्या तर डासाच्या छातीत काचेच्या अतिबारीक सुईने द्रव सोडायचा, पोटाला छेद द्यायचा आणि बाहेर येणारा थेंब काचपट्टीवर धरायचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या ग्रॅन्युलोसाइट पेशी काचेला बिलगून पसरताना दिसतात. समोर आलेला जंतू गिळणे हे यांचे काम.

देहगुहेतल्या पेशी जंतू गिळतात ही कल्पना १८८२ची. सिसिलीतल्या मेसिना इथे इल्या मेचनिकोव्ह याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतो तो काट्यांभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला. या कामासाठी १९०८चे नोबेल त्याला पॉल एर्लिख यांच्यासोबत विभागून मिळाले. प्लेगची लस मुंबईत तयार करणारे वाल्देमार हाफकिन हे ओडेसात याच मेचनिकोव्हचे विद्यार्थी होते, आणि आज त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परळच्या संस्थेची धुरा पुढे एलिचपूरच्या लिस्टनने सांभाळली. डासाच्या गोष्टीला याची गरज नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नोबेल मिळूनही मेचनिकोव्हच्या पेशींना पुढे दुय्यम स्थान मिळाले. भाव खाल्ला तो अँटिबॉडींनी. लस टोचली की शरीराला शत्रू ‘आठवतो’ तो त्यांच्यामुळे आणि लिंफोसाइट पेशींमुळे. डासाकडे, झुरळाकडे, गोगलगायीकडे यांतले काहीच नाही. म्हणजे त्यांना आठवणही नसणार, असे पाठ्यपुस्तके अनेक वर्षे गृहीत धरून होती.

अमेरिकेतल्या कॅरोलिना बारियास-म्युरी यांच्या गटाने २०१० साली आफ्रिकेतल्या ॲनॉफिलीस गॅम्बी डासावर केलेले काम या समजुतीला चांगलाच धक्का देणारे होते. हिवतापाचा परजीवी रक्ताबरोबर पोटात गेल्यावर सुमारे एका दिवसात आतड्याची भिंत भेदतो. त्या गडबडीत आतड्यातले नेहमीचे जीवाणू भिंतीच्या पेशींना थेट भिडतात. एवढ्याने देहगुहेतल्या ग्रॅन्युलोसाइट वाढतात आणि वाढलेल्याच राहतात. तोच डास पुन्हा दूषित रक्त प्याला तर या खेपेला बरेच कमी परजीवी तगतात. त्याहून गंमत म्हणजे अशा डासाच्या देहद्रवातून पेशी काढून टाकल्या आणि उरलेला द्रव कोऱ्या डासाला टोचला, तर त्याच्याही ग्रॅन्युलोसाइट वाढल्या. निरोप द्रवातच होता. मात्र ही आठवण नेमकी नाही. शत्रूचा चेहरा तिला माहीत नसतो, कुणीतरी येऊन गेले एवढेच कळते.

लिंफोसाइटविना आठवण राहते का, हा प्रश्न नायमेखनमध्ये माणसाबाबत विचारला गेला. रुमानियात जन्मलेले मिहाय नेटेआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११च्या लेखात मांडले की वनस्पती आणि अपृष्ठवंशी प्राणी लिंफोसाइटविना आठवण ठेवत असतील, तर आपल्या जन्मजात प्रतिकारपेशींतही ती असणार. ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ हे नाव तिथलेच. पुढच्याच वर्षी पुरावा आला तो बीसीजीच्या लशीतून, जिचा व्रण आपल्याकडे जवळपास प्रत्येकाच्या दंडावर असतो. लस दिलेल्या स्वयंसेवकांच्या मोनोसाइट पेशी तीन महिन्यांनंतरही क्षयाशी संबंध नसलेल्या जंतूंना जास्त जोरात प्रतिसाद देत होत्या. त्यांच्या डीएनएभोवतीच्या प्रथिनांवरच्या रासायनिक खुणा बदललेल्या होत्या. मोनोसाइट रक्तात जगते जेमतेम काही दिवस, मग तीन महिने कसे? पुढच्या संशोधनात याचे उत्तर अस्थिमज्जेत सापडले: तिथल्या मूळ पेशीच बदलतात.

म्हणून बीसीजीला रामबाण मानायचे कारण नाही. कोविडच्या काळात नेदरलँड्समधल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ती देऊन पाहिली. आजारपणाच्या रजा काही कमी झाल्या नाहीत.

त्याआधी नायमेखनमध्ये एक चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. वीस निरोगी स्वयंसेवक घेतले, काहींना बीसीजी दिली, मग सगळ्यांना हिवतापाचे डास चावू दिले. पूर्ण संरक्षण कुणालाच मिळाले नाही. पण बीसीजी घेतलेल्यांपैकी काहींना लक्षणे लवकर दिसली, आणि ज्यांच्या जन्मजात प्रतिकारपेशी जास्त चेतल्या होत्या त्यांच्या रक्तात परजीवी कमी आढळले. एकच लस, एकच परजीवी, तरी काहींच्याच पेशी का चेतल्या, हा प्रश्न या चाचणीने मागे ठेवला.