शिट्टीचा हुकूम

न्यूयॉर्क येथे १९०० साली स्थापन झालेल्या लायोनेल कंपनीने १९३५ मध्ये आपल्या खेळण्यातील आगगाडीला शिट्टी बहाल केली, त्या वेळच्या तजविजीतील कल्पकता मला आजही विस्मित करते. कारण ज्या रुळांतून गाडीला प्रत्यावर्ती प्रवाह मिळतो, त्याच रुळांतून, निराळी तार न टाकता, शिट्टीचा हुकूमही पोहोचतो. ट्रान्सफॉर्मरवरील दांडी फिरवताच त्यातील रेक्टिफायरची चकती मार्गात येते, प्रवाहात एकदिश अंश मिसळतो, आणि एरवी प्रत्यावर्ती प्रवाहाला दाद न देणारा इंजिनामागच्या टेंडर-डब्यातील रिले खटकन् चिकटून शिट्टीची मोटर सुरू करतो. दांडी आणखी पुढे नेली की चकतीला समांतर एक रोधतार जोडली जाऊन एकदिश अंश घटतो, कारण रिले ओढण्यास लागणाऱ्या जोरापेक्षा तो धरून ठेवण्यास पुष्कळच कमी जोर पुरतो.

परंतु १९४८ पासून बाजारात आलेल्या लायोनेलच्या झेडडब्ल्यूसारख्या ट्रान्सफॉर्मरांतील ही चकती वयोमानाने दुर्बळ झाली, की दांडी फिरवूनही गाडी नुसती मंदावते आणि शिट्टी घशातच घरघरते. अशा वेळी जाणकार, भिंतीतील प्लग आधी काढून, चकतीच्या जागी भरपूर अँपिअर पेलणारा सिलिकॉन डायोड बसवतात व त्याची उष्णता निघून जावी म्हणून तो धातूच्या पत्र्याला घट्ट आवळतात. जुन्या रिलेला डायोडची दिशा कोणतीही चालते. नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनांत मात्र तो उलटा बसला, तर शिट्टीऐवजी घंटा वाजू लागते.