लखोटा, पत्र आणि २५० ची पोच

पायथनसारख्या भाषेत स्वतःचा ईमेल सर्व्हर रचू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या मनात, हे काम मोठ्या संस्थेवाचून साधणारे नव्हे, ही समजूत बहुधा आधीच घर करून बसलेली असते. वस्तुतः ज्या एसएमटीपी नामक संकेतावर ईमेलची ने-आण चालते, तो जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये शब्दबद्ध केला. आणि तो म्हणजे दोन यंत्रांमधील, माणसालाही वाचता येईल अशा, संभाषणाचा शिष्टाचार होय. २५ क्रमांकाच्या पोर्टवर वाट पाहणारा सर्व्हर जोडणी होताच २२० म्हणून स्वागत करतो. आलेले यंत्र ‘हेलो’ म्हणून आपले नाव सांगते, ‘मेल फ्रॉम’ने प्रेषकाचा व ‘आरसीपीटी टू’ने प्राप्तकर्त्याचा पत्ता देते, आणि प्रत्येक वेळी २५० ही संमती मिळाल्यावर ‘डेटा’ म्हणते. तेव्हा सर्व्हर ३५४ म्हणून मजकूर मागवितो आणि एखाद्या ओळीवर केवळ एक टिंब आले म्हणजे मजकूर संपला असे समजतो. मजकुरातलीच ओळ टिंबाने सुरू होत असेल, तर पाठविणारा तिच्या आरंभी आणखी एक टिंब जोडतो व घेणाऱ्याने ते काढून टाकावयाचे असते. नवशिक्याच्या हातून नेमका हाच बारकावा निसटतो.

दुसरा गैरसमज असा की, पत्राच्या माथ्यावर दिसणारे प्रेषकाचे नाव सर्व्हरने पडताळलेले असते. ‘मेल फ्रॉम’ आणि ‘आरसीपीटी टू’ हा लखोटा. माथ्यावरची नावे हा आतल्या पत्राचा भाग. आणि मूळ संकेतात या दोहोंची रुजुवात घालण्याची तरतूदच नव्हती. गुप्त प्रत शक्य होते ती याचमुळे. एसपीएफ आणि डीकेआयएम या पडताळणीच्या व्यवस्था पुष्कळ नंतर आल्या.

परंतु सर्वांत घातक समजूत मजकूर संपल्यावर सर्व्हर देतो त्या २५० विषयीची आहे. पत्र वाचकाच्या हाती पडले, असा या २५० चा अर्थ नव्हे; बटवडा करीन, न जमल्यास प्रेषकास कळवीन, असा तो पत्करलेला जिम्मा आहे, आणि ही पोच मिळताच पाठविणारे यंत्र आपल्याजवळची प्रत रांगेतून काढून टाकते. म्हणून मजकूर डिस्कवर निश्चितपणे उतरण्यापूर्वी २५० म्हणणारा सर्व्हर, त्याची रचना कितीही सुबक असो, माझ्या मते सर्व्हर या नावास पात्र नाही. डिस्कवर जागा नसेल तर ४५२ असे प्रांजळपणे सांगावे. ४ ने आरंभ होणारा नकार तात्पुरता असतो, आणि पाठविणारे यंत्र पुनःपुन्हा, साधारणतः चार-पाच दिवसांपर्यंत, प्रयत्न करीत राहते.

पत्रे स्वीकारणारा सर्व्हर ती वाचावयासही देतो, हेही खरे नव्हे. ते काम आयमॅप वा पीओपी३ या निराळ्या संकेतांचे. तसेच अनोळखी यंत्राचे पत्र तिसऱ्याच ठिकाणी पोचविण्याची सवलत ठेवू नये, कारण अशा उघड्या सर्व्हरचा उपयोग नको असलेल्या जाहिराती पसरविण्याकडेच होतो.

आणि देवनागरीत ईमेलचा पत्ता असूच शकत नाही, असे मराठी माणसे आजही सांगताना आढळतात. मूळ संकेत केवळ सात बिटांच्या रोमन लिपीचा होता हे खरे. पण २०१२ पासून एसएमटीपीयूटीएफ८ हा विस्तार उपलब्ध आहे. ‘हेलो’ऐवजी ‘इहलो’ म्हणणाऱ्या यंत्रास सर्व्हरने उत्तरादाखल आपल्याला हा विस्तार अवगत असल्याचे सांगावयाचे असते, आणि वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने ते सांगितले, तर मराठी नावाचा पत्ता मराठी अक्षरांतच मुक्कामी पोचतो.