पानाचे चित्र बोलू लागते तेव्हा

अमळनेर म्हटले की दोन नावे आठवतात. साने गुरुजी आणि विप्रो. गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात येथील प्रताप हायस्कूलमध्ये शिकवले. आज संगणक क्षेत्रात जगभर पसरलेल्या विप्रोची सुरुवातही १९४५ मध्ये याच गावात, वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून झाली. गुरुजींची पुस्तके आणि संगणक यांची गाठ आता पडते ती ‘मराठी विकिस्रोत’ या इंटरनेटवरच्या मोफत ग्रंथालयात.

लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क आपल्या कायद्यानुसार त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. त्यामुळे १ जानेवारी २०११ पासून त्यांची अशी पुस्तके सर्वांसाठी खुली झाली. मग जुने पुस्तक स्कॅन करून टाकले की काम संपले, असे वाटेल. खरे काम तिथून सुरू होते.

स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. डोळस माणूस तो वाचतो, पण संगणकाला त्यात फक्त काळे-पांढरे ठिपके दिसतात. त्यात शब्द शोधता येत नाही. अंध वाचक ‘एनव्हीडीए’सारखे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. फोटोपुढे तेही मुके होते. मधुमेहामुळे नजर अधू झालेल्यांना अक्षर हवे तेवढे मोठे करून वाचायचे असेल, तरी खरा मजकूरच लागतो.

चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या तंत्राला ओसीआर म्हणतात. २०२१ मध्ये विकिस्रोतच्या संपादन खिडकीतच त्यासाठी बटण आले. मात्र देवनागरी यंत्राला अवघड जाते. शिरोरेषेमुळे अक्षरे एकमेकांना चिकटतात, जोडाक्षरे असंख्य आणि जुन्या छपाईतले खिळे झिजलेले. मग ‘घन’चे ‘धन’ होते, ‘भरण’चे ‘मरण’ होते. हे सगळे शब्द मराठीत आहेतच, त्यामुळे शब्दकोशाशी ताडून पाहिले तरी चूक सापडत नाही. वाक्य समजणारा माणूसच लागतो.

इथे सामूहिक संपादनाचे तंत्र कामी येते. कोणीही पान दुरुस्त करावे, ही ‘विकी’ची कल्पना वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये प्रत्यक्षात आणली. त्यातूनच पुढे विकिपीडिया उभा राहिला. प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि बिघडलेले पान एका क्लिकवर पूर्ववत करता येते. दोघांनी एकाच वेळी एकाच ओळीत बदल केला, तर सॉफ्टवेअर दुसऱ्याला थांबवून दोन्ही मजकूर समोर ठेवते.

विकिस्रोतने त्यात मुद्रितशोधनाची शिस्त आणली. पडद्यावर एका बाजूला स्कॅन, दुसऱ्या बाजूला मजकूर. न तपासलेले पान लाल. एकाने ताडून पाहिले की पिवळे. दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवे. ज्याने पान पिवळे केले त्याला ते हिरवे करता येत नाही, सॉफ्टवेअर तशी सोयच देत नाही. आपली चूक आपल्याला दिसत नाही, हा छापखान्यातला जुना अनुभव इथे नियम झाला आहे.

तपासताना एक पथ्य मात्र पाळावे लागते. मूळ छपाईतले शुद्धलेखन बदलायचे नाही. १९६२ च्या नियमांनी मराठीतले न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या पुस्तकांत ‘घरीं’, ‘करितां’ असेच छापलेले आहे. नव्या पिढीला तो टिंब डाग वाटतो. बहिणाबाईंच्या ओळींसारखा बोलीतला मजकूर असेल, तर यंत्र ओळखीचा प्रमाण शब्द बसवण्याची भीती असते. तिथे खानदेशी बोली जाणणारा कान हवा.

म्हणूनच हे काम केवळ संगणक शिकलेल्या मुलांचे नाही. अमळनेरच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाला जुने शुद्धलेखन पाठ असते, त्यांच्या नातवाला टंकलेखन येते. खाते उघडायला पैसे पडत नाहीत आणि एका वेळी एकच पान तपासले तरी चालते. ते पान हिरवे झाले, की ज्याला ते दिसत नाही त्यालाही ऐकता येते.