घरगाडीची आगोट

"उद्या गाडी निजवायची आहे. लवकर ऊठ," दादाने रात्री जेवताना मला बजावले.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, दादा-वहिनींकडे गेलो होतो. गाडी निजवायची म्हणजे काय, हे मला कळेना. गाय निजते, मूल निजते; गाडी कशी निजणार? सकाळी अंगणात गेलो आणि उलगडा झाला.

वाचकांना आधी ही गाडी दाखवली पाहिजे. मोटारीला जोडून ओढून न्यायचे हे चाकांवरचे घरच. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणी, संडास, गरम पाण्याची टाकी, सारे काही. तिकडे हिला 'आरव्ही' म्हणतात. आपण घरगाडी म्हणू. काही घरगाड्यांना स्वतःचे इंजिनही असते. या धंद्यातली प्रसिद्ध विनेबागो कंपनी शेजारच्याच आयोवा राज्यात फॉरेस्ट सिटी या गावी १९५८ साली निघाली. मिनेसोटात लहानमोठी दहा हजारांहून अधिक तळी आहेत. उन्हाळाभर लोक घरगाड्या घेऊन त्यांच्या काठी जाऊन राहतात. पण जानेवारीत तिथला पारा शून्याखाली वीस अंश आणि कधी त्याहूनही खाली उतरतो. राहत्या घरात ऊब असते. अंगणातली घरगाडी मात्र चार-पाच महिने गारठून पडलेली असते.

तिचा खरा वैरी म्हणजे तिच्या पोटात राहिलेले पाणी. पाणी गोठले की फुगते. शंभर मापे पाण्याचा सुमारे एकशे नऊ मापे बर्फ होतो. त्याला जागा मिळाली नाही की पाईप फुटतो, तोटी तडकते, पंप निकामी होतो. फुटले आहे हे कळते ते वसंतात, बर्फ वितळून पुन्हा पाणी सोडल्यावर.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. वहिनींच्या अक्षरातली मराठी यादी. पहिलीच ओळ होती, 'बाहेरचा फवारा'. खाली दोन रेघा मारलेल्या.

"हे पहिले का?" मी विचारले. वहिनी काही बोलल्या नाहीत. दादाच म्हणाला, "सांगतो. आधी हात चालव."

फ्रीज आणि फडताळे वहिनींनी आदल्या दिवशीच रिकामी केली होती. चिवड्याची एक पुडी राहिली तरी उंदीर हिवाळाभर मुक्काम ठोकतात. सांडपाण्याच्या आणि संडासाच्या टाक्या सहलीहून परततानाच ठरलेल्या जागी रित्या केल्या होत्या. आता गरम पाण्याच्या टाकीची पाळी. ती पुरती निवू द्यायची, आतला दाब सोडायचा, मगच बूच काढायचे. घाई केली तर हात भाजलाच. मग गाडीच्या तळच्या तोट्या उघडून पाईपांतले पाणी सोडले.

एवढ्याने भागत नाही. वळणावळणांत पाणी दडून राहतेच. म्हणून गुलाबी रंगाचे अँटिफ्रीझ पाईपांत भरतात. हे प्रॉपिलीन ग्लायकॉलचे असते. मोटारीच्या रेडिएटरमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल घालतात; ते विषारी, पिण्याच्या पाण्याच्या नळांत चुकूनही घालायचे नाही. गरम टाकीची वाट झडपा फिरवून आधी बंद केली, नाहीतर कित्येक गॅलन त्या टाकीतच जिरले असते. पंपाची नळी बाटलीत सोडून दादाने बटण दाबले. मी एकेक नळ उघडत गेलो, गार निराळा, गरम निराळा. आधी हवा, मग पाणी, मग गुलाबी धार आली की बंद. शेवटी प्रत्येक मोरीत पेलाभर ओतले, कारण खालच्या वाकड्या नळीत पाणी साचून असते.

मग आम्ही बाहेर आलो. गाडीच्या अंगाला एक झाकण होते. त्यामागे छोटा फवारा, तळ्यातून आल्यावर पायांची वाळू धुण्यासाठी.

"पहिल्या वर्षी हा राहिला," दादा म्हणाला. "सगळे केले आणि हा विसरलो. भिंतीआड पाईप तडकला. वसंतात पाणी सोडले तेव्हा थेंब थेंब गळत राहिले, कळलेच नाही. जूनमध्ये पलंगाखालची फळी पायाला मऊ लागली. उचकटली तर सारे कुजलेले." तो थोडा थांबला. "त्याच पलंगाखाली आईची गोधडी होती."

ती गोधडी मला ठाऊक होती. आईने आपल्या जुन्या लुगड्यांची शिवून दादाबरोबर पाठवलेली, शेवटची. आई गेल्याचे ते दुसरे वर्ष. वहिनींनी ती धुऊन पाहिली. बुरशीने विरली होती, हातात तुकडे आले. मला त्यांनी हे कधी कळवले नव्हते.

फवाऱ्यातून गुलाबी धार आली. दादाने ती बराच वेळ वाहू दिली.

दुपारी गॅस बंद केला. बॅटरी पुरती भरून तळघरात नेली. उतरलेली बॅटरी थंडीत गोठून फुटू शकते. वास धरू नये म्हणून फ्रीजचे दार किलकिले ठेवले. वर हवा खेळेल असे कापडी आच्छादन घातले. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते.

"आठवते?" दादा दोऱ्या बांधता बांधता म्हणाला. "आगोटीला बाबा घर भरायचे. लाकडे, भात, मीठ, सुकी मासळी. मी इथे रिकामे करत बसतो."

आठवत होतेच. शाकारणी झाल्यावरही बाबा आभाळाकडे बघत माळ्यावर चढत, एखादे भोक राहिले का ते पाहायला. दादानेही सगळे आवरल्यावर ते झाकण पुन्हा उघडून पाहिले.

एप्रिलच्या अखेरीस वहिनींचा फोन आला. "पाणी सोडले हो भाऊजी. आधी गुलाबी आले, मग स्वच्छ. पलंगाखाली हात फिरवून पाहिला, कोरडे आहे."

"आणि दादा?"

"ते अजून गाडीखाली निजून बघताहेत," वहिनी म्हणाल्या.