साखळीची टाकी आणि तिची नळी

शौचालयात उंचावर बसविलेली साखळीची टाकी आपल्या काही जुन्या घरांत अजून दिसते. एकदा साखळी ओढून भांडे स्वच्छ झाले नाही, की आपण टाकीला दोष देतो. पुष्कळदा दोष टाकीपासून भांड्यापर्यंत येणाऱ्या नळीचा असतो. एका ओढीला सुमारे ९ लिटर पाणी जाते. दिवसातून १० वेळा साखळी पुन्हा ओढावी लागली, तर ९० लिटर पाणी वाया गेले. एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत हे नुकसान घरच्या गृहिणीला आधी जाणवते.

टाकी उंच का? पाणी जितके उंचावरून पडेल, तितका त्याला जोर. म्हणूनच सुमारे २ मीटर उंचीच्या टाकीला ३२ मिलिमीटरची नळी पुरते. नळी वाकडी, चेपलेली किंवा सांध्यात गळकी असली, तर तो जोर वाटेतच जातो.

नवी नळी बसविताना आधी पाणी बंद करून टाकी रिकामी करावी. टाकीच्या तोंडातून ओळंबा सोडून नळीची वाट सरळ आहे ना, ते पाहावे. नळी आधी नुसती धरून मापावी. खालच्या टोकाला वळण असते, म्हणून जास्तीचा भाग वरच्या टोकाचा कापावा. काप सरळ असावा आणि त्याची धार कानशीने घासावी.

मग नळीवर प्रथम नट, नंतर रबरी चकती चढवावी. खालचे टोक रबरी टोपणातून भांड्याच्या तोंडात बसवावे. येथे सिमेंट भरू नये, कारण पुढे दुरुस्तीच्या वेळी भांडेच फुटते. वरचा नट हाताने आवळून पान्याने किंचितच फिरवावा. फार जोर केल्यास टाकीच तडकते. शेवटी नळीला भिंतीशी पट्टीने धरावे, म्हणजे तिचा भार सांध्यावर येत नाही.

आता पाणी सोडून तीन-चार वेळा साखळी ओढावी आणि दोन्ही सांध्यांवर कोरडा कागद फिरवावा. कागद ओला झाला, तर सांधा पुन्हा पाहावा. आज दिसलेला एक थेंब उद्या भिंतीला ओल आणतो.

हे काम करताना मुलांना ओळंबा धरायला द्यावा. उंची आणि पाण्याचा जोर यांचा धडा त्यांना फळ्यावरच्यापेक्षा येथे लवकर समजेल.